जळलेला माळा उतरवताना

मुंबईच्या उपनगरांत वाढलेल्या आमच्या पिढीने घरातली वस्तू फेकून दिलेली फारशी पाहिलीच नाही. वस्तू घराबाहेर पडायची ती पुढच्या मुक्कामाला लागायची म्हणून. साडी विटली की गोधडीत जायची, गोधडी विरली की दारातलं पायपुसणं व्हायची. सदऱ्याची कॉलर झिजली की उसवून उलटी लावायची, आणि सदराच संपला की बटणं कापून डबीत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात शिवणाचं सामान, हॉर्लिक्सच्या बाटलीत जिरं, रॉकेलच्या डब्यात तुळस. दुधाच्या पिशव्यासुद्धा धुऊन ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवून वाळवायच्या आणि महिनाअखेरीला रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवायच्या. ज्या वस्तूचं पुढे काय करायचं ते ठरत नसे, ती माळ्यावर जायची.

हा माळा म्हणजे आमच्या ब्लॉकची खरी मालमत्ता. 1950 साली जोगेश्वरी-भांडुपपर्यंतचा आणि 1957 साली दहिसर-मुलुंडपर्यंतचा भाग मुंबई महापालिकेच्या हद्दीत आला. पुढच्या दोन-तीन दशकांत गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींतली कुटुंबं हळूहळू उत्तरेकडे सरकली. कुणी घाटकोपरच्या पंतनगरात किंवा विक्रोळीच्या कन्नमवारनगरात हाउसिंग बोर्डाच्या खोल्यांत गेलं, कुणी अंधेरी, बोरिवली, मुलुंडला सोसायटी करून ब्लॉक घेतला. चाळीत निम्मं सामान कॉमन गॅलरीत आणि जिन्याखाली शेजाऱ्यांच्या भरवशावर असायचं. ब्लॉकमध्ये स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या डोक्यावर हक्काचा माळा मिळाला आणि एका पिढीने तो काठोकाठ भरला. तांब्याचा बंब, पितळेचे हंडे, लाकडी पाळणा, पत्र्याच्या ट्रंका, गणपतीचं थर्माकोलचं मखर, दहावीची पुस्तकं, रंगीत टीव्ही ज्यातून आला तो खोका. खोका कशाला, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: “कधी दुरुस्तीला न्यायचा झाला तर?”

बोरिवलीला आमच्या काकूंच्या घरी आग लागली तेव्हा हा सगळा माळा खाली उतरवायची वेळ आली. फ्रिजच्या मागे, भिंतीतल्या जुन्या वायरिंगमध्ये शॉर्टसर्किट झालं होतं. काकू खालच्या मजल्यावर भिशीला गेलेल्या, म्हणून जिवावरचं शेपटावर निभावलं. फायर ब्रिगेडने आग विझवली आणि निघताना एक गोष्ट बजावून सांगितली: गाद्या-उशा घरात ठेवू नका, खाली नेऊन पुन्हा भिजवा. ते का, हे संध्याकाळी कळलं. वरून ओली, थंड दिसणारी कापसाची गादी आम्ही कंपाउंडमध्ये फाडली तर आतला कापूस लाल धुमसत होता. दाबून भरलेल्या कापसात निखारा तासन् तास जिवंत राहतो आणि वारा लागला की पुन्हा पेटतो. गाद्यांबद्दल मग चर्चाच झाली नाही. टाकायच्या ढिगात पहिलं सामान तेच गेलं.

दुसऱ्या दिवशी सगळे जमले. मुंबईतल्या मराठी घरांत नातेवाइकांना आडनाव नसतं, स्टेशन असतं. मुलुंडची आत्या आली, अंधेरीची धाकटी काकू आली, घाटकोपरचा चुलतभाऊ आला. गच्चीवर प्लॅस्टिकचे कागद अंथरले आणि सामान एकेक करून वर आणायला सुरुवात झाली. घराच्या आतल्या सामानाचा विमा उतरवायचा असतो हे आमच्या पिढीच्या गावीही नव्हतं, त्यामुळे सर्व्हेअर येण्याची वाट पाहायची नव्हती. विमा असलेल्या घराने मात्र तो पाहून जाईपर्यंत जळकं फडकंही टाकू नये. आधी फोटो काढावेत, यादी करावी, फायर ब्रिगेडचा दाखला मागून घ्यावा आणि मगच गोणी उघडावी.

आम्ही गोणीपाशीच अडकलो. डेब्रिजवाला दारात उभा होता आणि टेम्पो भरून एकदाच काय ते न्यायची त्याला घाई होती. घाटकोपरच्या भावाचंही तेच म्हणणं: “सगळं टाका. नवीन घेऊ.” काकू दाराशी स्टुलावर बसल्या होत्या. एवढंच म्हणाल्या, “बघू तरी दे रे.” पुढचे काही दिवस आम्ही जे केलं ते हे बघणंच होतं.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी, की आगीने आमच्या हिशेबाच्या बरोबर उलटा हिशेब केला होता. खोलीत आग लागली की तापलेला धूर वर चढतो आणि छताखाली त्याचा थर साचतो. तिथलं तापमान 600 अंश सेल्सिअसच्या घरात जातं तेव्हा जमिनीलगत ते कितीतरी कमी असतं. त्यामुळे जे जपून ठेवायचं म्हणून वर चढवलं होतं ते सगळ्यात आधी गेलं, आणि ज्याची कुणी पर्वा केली नव्हती ते ओट्याखाली शाबूत राहिलं. पाटा-वरवंटा, विळी, खलबत्ता, पाण्याचं पिंप, कांद्या-बटाट्यांची दुरडीसुद्धा. माळ्यावरचं थर्माकोलचं मखर वितळून काळ्या लोळ्यांनी बंबावर ओघळलं होतं. टीव्हीच्या खोक्याचा मागमूस नव्हता. त्याच्याबद्दल कुणी हळहळलंही नाही.

भांड्यांच्या बाबतीत तर ज्या धातूचा जसा पिंड तसा त्याचा निकाल. ॲल्युमिनियमला आमच्या घरांत जर्मल म्हणत. ते 660 अंशांना वितळतं. माळ्यावरची जर्मलची परात कडेने खाली झुकून तशीच गोठली होती, ती सरळ भंगारात. पितळेचे हंडे आकाराने जसेच्या तसे होते, पण कल्हई उतरली होती. कल्हईचं कथिल 232 अंशांनाच पातळ होतं. एका पातेल्याच्या बुडाशी त्याचा मोत्याएवढा चकचकीत थेंब जमून बसला होता. मुलांना तो चांदीचा वाटला. अशा पितळेत पुन्हा कल्हई केल्याशिवाय ताक किंवा आमटी ठेवायची नाही, कळकते, हे आत्याला कुणी सांगावं लागलं नाही. पूर्वी कल्हईवाला भाता घेऊन सोसायटीच्या गेटात बसायचा, नवसागराचा पांढरा धूर निघायचा आणि आम्ही पोरं भोवती कोंडाळं करायचो. आता तो शोधावा लागतो. हंडे ठेवायचे ठरले, पण दिवाणखान्यात शोभेला. सूनबाईंना ते आधीपासूनच हवे होते, हे त्या दिवशी कळलं.

स्टेनलेस स्टीलने मात्र आमच्या पिढीची लाज राखली. साठ-सत्तरच्या दशकांत बायकांनी पितळ मोडीत घालून जे स्टील घेतलं ते उगीच नव्हे. आगीत त्याने फक्त रंग बदलला होता: कडेला गवती पिवळा, मग जांभळा, बुडाशी गर्द निळा. पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर उष्णतेने जाड झाला की असे रंग येतात. भांडं वाकलेलं नसेल आणि त्यावर वितळलेलं प्लॅस्टिक चिकटलेलं नसेल तर घासून-पुसून ते वापरायला हरकत नसते. बेकेलाइटच्या मुठी आणि दांडे मात्र गेले.

या स्टीलवर नावं घातलेली होती. भांड्यांच्या दुकानात एक माणूस छोटं यंत्र घेऊन बसायचा आणि टिकटिक करत ठिपक्याठिपक्यांची अक्षरं उमटवायचा. “सप्रेम भेट”, खाली देणाऱ्याचं नाव, खाली तारीख, आणि तारीख बहुतेक मे महिन्यातली. एका पाच शेरी डब्यावरची काजळी आत्याने ओल्या फडक्याने पुसायला घेतली तेव्हा आम्ही तिला अडवलं. काजळी ओली केली की ती तेलकट होऊन पसरते, आधी कोरडीच झटकायची असते. मग तिने कोरड्या ब्रशाने डबा झाडला, तो तिरका करून उन्हात धरला आणि अक्षरं वाचली. “हा आमच्या मामांनी दिलेला,” ती म्हणाली. “लग्नात रुसले होते ते. जेवले नाहीत, पण डबा देऊन गेले.” त्यानंतर प्रत्येक भांडं उन्हात तिरकं धरून वाचायचं असा नियमच झाला. ऑफिसातल्या मित्रांचं ताट, सोसायटीतल्या बायकांनी वर्गणी काढून दिलेली कळशी, बारशाची वाटी. ज्यांची नावं होती त्यांतले बरेच आता नाहीत. कोण कोणावर रुसलं होतं, कुणाचा हात सढळ होता आणि कुणी आपल्याला आलेलं भांडं नाव घासून दुसऱ्याला दिलं होतं, हे सगळं त्या गच्चीवर निघालं.

कुकरवरून थोडी वादावादी झाली. तो वरकरणी धडधाकट होता, फक्त गॅस्केट जळलं होतं, आणि काकूंचं म्हणणं गॅस्केट तर बाजारात मिळतं. पण दाबाखाली चालणारं भांडं एकदा बेहिशेबी तापलं की त्याच्या अंगावर विश्वास टाकायचा नसतो. गॅस्केट बदलता येतं, सेफ्टी व्हॉल्व्ह बदलता येतो, नरम पडलेला धातू बदलता येत नाही. नॉनस्टिक तवे तर विचार न करताच टाकायचे. 260 अंशांच्या वर त्यांचा लेप बिघडायला लागतो आणि इथे त्याच्या दुप्पट उष्णता होऊन गेली होती. चिनी मातीच्या बरण्यांना मात्र काही झालं नव्हतं. भट्टीत हजार अंशांच्या वर भाजून निघालेल्या वस्तूला स्वयंपाकघरातल्या आगीचं काय कौतुक! बरणी घासली की झाली तशी.

बरणीतलं लोणचं मात्र टाकायचं होतं, आणि खरी अडचण तिथे आली. टाकायच्या वस्तूंत आमच्या पिढीला सगळ्यात जड गेलं ते अन्न. डबे बंद होते, तांदूळ पांढरे दिसत होते, तुरीच्या डाळीला वरून काही लागलेलं नव्हतं.

“बंद डब्यातलं आहे. धुऊन घेतलं की झालं,” काकू म्हणाल्या.

“काकू, झाकण काढून वास घेऊन बघ.”

त्यांनी घेतला आणि त्या गप्प बसल्या. आगीत डब्यातली हवा तापून फुगते आणि झाकणाच्या फटीतून बाहेर जाते. डबा थंड होताना तो बाहेरची हवा आत ओढतो, आणि तेव्हा बाहेर नुसता धूर असतो. वायरींचा, प्लॅस्टिकचा, रंगाचा. फ्रिजचंही तसंच. दाराचं रबर कितीही घट्ट असो, आतल्या वस्तू खाण्यालायक राहत नाहीत. औषधं, डोळ्यांत घालायचे थेंब, पावडरी, कुंकू, काजळ, टूथब्रश, सगळ्याला तोच न्याय. जे तोंडात जातं, अंगाला लागतं किंवा श्वासावाटे आत जातं त्याच्याबद्दल मायेने विचार करायचा नाही. आमच्या वादांतून निघालेला हा पहिला नियम.

पण अन्न कचऱ्यात कसं टाकायचं? काकूंनी एकेक पर्याय काढला. कामवाल्या बाईंना देऊ. आपण खायचं नाही ते त्यांनी का खायचं, यावर त्या स्वतःच थांबल्या. मग गोठ्यातल्या गाईला. मग कबुतरांना. शेवटी आत्या म्हणाली, “वहिनी, विष म्हणून टाकतोय असं समजा. अन्न म्हणून नाही.” काकूंनी डाळीच्या डब्याला हात जोडले आणि तो आमच्याकडे दिला. रिकामा करताना डाळीतून पैशाची पुरचुंडी निघाली. सगळे हसले, कारण प्रत्येकीला आपापल्या घरातला डबा आठवला. तांदळात, डाळीत, पिठाखाली पैसे ठेवणं ही आमच्या आयांची बँक. हसू आणखी वाढलं ते पुरचुंडीत पाचशेच्या जुन्या नोटाही निघाल्या म्हणून. त्यांची राख 8 नोव्हेंबर 2016 लाच झाली होती.

चालू नोटांतल्या काही करपल्या होत्या. अशा नोटांचा एक कायदेशीर रस्ता आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. फाटक्या नोटा बँकेच्या शाखेत बदलून मिळतात. पण फार जळलेल्या, कोळसा झालेल्या किंवा एकमेकींना चिकटून बसलेल्या नोटा शाखा घेत नाही. त्या रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसात न्याव्या लागतात आणि 2009 च्या नोट परतावा नियमांप्रमाणे तिथे तपासल्या जातात. त्या सुट्या करायचा खटाटोप घरी करायचा नाही. गठ्ठा जसा आहे तसा डब्यात ठेवून न्यायचा.

कपड्यांचा ढीग सगळ्यात मोठा. कपाट गोदरेजचं होतं. विक्रोळीच्या कारखान्यासमोरून लोकलने जाता-येता वाढलेल्या पिढीला त्या कपाटाइतका भरवसा दुसऱ्या कशावर नव्हता, पण लोखंडी कपाट म्हणजे तिजोरी नव्हे. पत्रा तापला की आतल्या घड्या कडेने करपतात. नायलॉन आणि टेरिलिनचे कपडे आकसून काचेसारखे कडक झाले होते. सुती साड्यांच्या वरच्या दोन-तीन घड्या गेल्या आणि आतल्या वाचल्या, फक्त धुराचा वास राहिला. लग्नातला शालू बाहेरून जळला होता, आत पदर शाबूत. पदर कापून ठेवला. गोधडीचे वरचे थर सोलून काढले तर आत काकूंच्या सासूबाईंचं लुगडं निघालं, रंगासकट.

जुने कपडे म्हटल्यावर बोहारणीचा विषय निघणारच. दुपारी दोनच्या सुमारास ती डोक्यावर पाटी घेऊन यायची आणि जिन्यात बसायची. मग तासभर घासाघीस चालायची. तीन पॅंटींना एक पातेलं, त्यावर एक जरीची साडी दिली तर झाकणासकट. वस्तू घराबाहेर जाण्याचा निर्णय कसा होतो हे आम्ही त्या जिन्यात पाहिलं. आई कपडा उचलायची, उजेडात धरायची, कुणाचा ते सांगायची, परत मांडीवर ठेवायची आणि मग सोडायची. जुन्या कपड्यांच्या त्या व्यापारात शहरातली किती कुटुंबं जगली! 6 ऑक्टोबर 2023 च्या पहाटे गोरेगाव पश्चिमेला पुनर्वसनाच्या एका इमारतीला आग लागली आणि झोपेतली माणसं दगावली. तिथे खाली पार्किंगमध्ये जुन्या कपड्यांचे गठ्ठे साठवलेले होते, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. आमच्या घरांनी “मार्गी लावलेल्या” वस्तू अशाच कुठल्या तरी जिन्याखाली, कुणाला तरी डोईजड होऊन पडलेल्या असतात. हा विचार त्या वयात कधी मनात आला नव्हता.

कागदपत्रांचं दुःख वेगळंच. ज्यांचं घर अर्धवट जळतं त्यांना निवडायची तरी संधी असते. 7 डिसेंबर 2015 रोजी कांदिवली पूर्वेच्या दामूनगरात सिलिंडरचे स्फोट होऊन आग पसरली आणि शेकडो झोपड्या जळाल्या. मार्च 2023 मध्ये मालाडच्या आप्पापाड्यात तसंच घडलं, तेही ऐन दहावीच्या परीक्षेत. तिथे टाकायचं काय आणि ठेवायचं काय हा प्रश्नच उरला नाही. झोपडीतल्या कागदाची किंमत ब्लॉकवाल्याला कळायची नाही. 1 जानेवारी 2000 पूर्वीपासून आपण इथेच राहतो हे दाखवणारं रेशनकार्ड, वीजबिल किंवा फोटोपास यांच्यावर पुनर्वसनातल्या मोफत घराचा हक्क उभा असतो. तिथे कागद जळणं म्हणजे अजून न मिळालेलं घर जळणं.

काकूंकडे तसा धोका नव्हता. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मुलांच्या गुणपत्रिका, विम्याच्या पॉलिसी या सगळ्यांची दुय्यम प्रत मिळते. अर्ज करायचे, हेलपाटे घालायचे. पुन्हा न मिळणारे कागद होते ते काकांच्या हिशेबाच्या वह्या. पगार, दूध, फी, गणपतीची वर्गणी, महिन्याचा ट्रेनचा पास, सगळं तारीखवार. त्या जळण्यापेक्षा पाण्याने जास्त बिघडल्या होत्या. ओल्या कागदाला दोनेक दिवसांत बुरशी धरते, म्हणून त्या पिशवीत घालून शेजारच्यांच्या फ्रीजरमध्ये ठेवल्या. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि सवडीने एकेक वही वाळवता येते. शेजारीणबाईंनी मटारच्या पिशव्यांशेजारी काकांचा संसार महिनाभर सांभाळला. अल्बममधले चिकटलेले फोटोही ओढून काढायचे नसतात. स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवले की बरेचसे आपोआप सुटतात आणि मग चेहरे वर करून वाळवायचे.

देवघराचं लाकूड गेलं, चांदीचे टाक राहिले. चांदी 962 अंशांपर्यंत टिकते, पण धुराने ते काळेठिक्कर पडले होते. सोनाराकडून उजळून आणून ते पुन्हा पुजायचे, यावर दुमत झालं नाही. तडकलेली संगमरवरी मूर्ती पूजेत ठेवायची नाही, तिचं विसर्जन करायचं, यावरही नाही. ज्या गोष्टींना रूढीने उत्तर देऊन ठेवलं आहे, तिथे माणसाला किती हलकं वाटतं ते त्या वेळी कळलं. कुकरला, डाळीला आणि शालूला रूढी नव्हती. तिथे आम्हालाच भांडावं लागलं.

26 जुलै 2005 चा पूर आम्ही सगळ्यांनी पाहिलेला. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि पाणी उतरल्यावर कालिन्यापासून कुर्ल्यापर्यंत रस्त्यारस्त्यांवर गाद्या, सोफे, फ्रिज, तांदूळ यांचे डोंगर लागले. तेव्हाही खूप टाकलं. पण ते अख्ख्या गल्लीने एकदम टाकलं. शेजारणीने गादी बाहेर काढली की आपणही काढायची, रडायचं तेही एकत्र. ब्लॉकमधली आग बहुधा एकाच घराला लागते. शेजारी चहा आणतात, जेवायला बोलावतात, पण त्यांच्या घरात सगळं जिथल्या तिथे असतं. म्हणून आगीनंतरच्या निर्णयात माणूस एकटा पडतो आणि एकटा पडला की एक तर सगळं टाकतो, नाही तर काहीच टाकत नाही.

गच्चीवर आम्ही जे शिकलो ते याच्या मधलं होतं. काय टाकायचं यातला निम्मा भाग आरोग्याचा आहे. तिथे माहिती असलेल्याने ठाम राहावं आणि डाळ, औषध, तवा, गादी यांच्यावर मतदान घेऊ नये. उरलेला निम्मा भाग माणसांचा आहे. तिथे टेम्पोवाल्याची घाई चालत नाही आणि नवीन घेऊन देणाऱ्या मुलाचंही चालत नाही. ज्याने ती वस्तू वापरली त्याने हातात घ्यावी, कुणाची ते सांगावं आणि मग सोडावी. जिन्यात बसलेल्या आयांची पद्धत तीच होती. टाकण्याचा अधिकार घरात ज्या बाईकडे असायचा ती बोलल्याशिवाय काही टाकत नसे. घाटकोपरच्या भावाला सुरुवातीला हा वेळेचा खेळखंडोबा वाटला. पण पाचव्या-सहाव्या भांड्यानंतर तोच विचारायला लागला, “हे कुणी दिलेलं?”

शेवटी टेम्पो भरलाच, आणि चांगला भरला. काकूंनी आमच्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ टाकलं. बघायला मिळालं की सोडायला जड जात नाही. हट्टाने ठेवलेल्या वस्तू एका ट्रंकेत मावल्या आणि त्यांतल्याही काही त्यांनी वाटून टाकल्या. मामांचा डबा मुलुंडला गेला.

“वन्सं, तुमच्या मामांचा आहे, तुम्हीच न्या.”

“अहो वहिनी, रुसले होते ते तुमच्याच लग्नात.”

“म्हणूनच म्हणते, घेऊन जा.”

घर पुन्हा लावताना वायरिंग सगळं नवं केलं, फ्रिजला वेगळा पॉइंट दिला, सगळ्या कागदांचे फोटो काढून भावंडांत वाटले. माळा तोडून टाकावा असं घाटकोपरच्या भावाचं मत होतं. जागाच नसली की साठणार नाही, असा त्याचा हिशेब. काकूंनी माळा ठेवला, पण एक अट स्वतःवर घालून घेतली. दर वर्षी दिवाळीच्या आधी एका रविवारी सगळ्यांना बोलावून तो उतरवायचा आणि हातात घेऊन, बोलून, निम्मा मोकळा करायचा. माहेरवाशिणी येतात, सुना येतात, नातवंडं फोटो काढतात, दुपारी मसालेभात होतो.

गेल्या दिवाळीआधी तोच भाऊ एक मोठी पिशवी घेऊन आला. त्याच्या घरातल्या सगळ्या मोबाइलचे रिकामे खोके त्यात होते. मोबाइल विकताना खोका असला की भाव बरा येतो, असं त्याचं म्हणणं. त्यातले बरेचसे मोबाइल केव्हाच विकून झाले होते. काकूंनी एकेक खोका हातात घेतला, कुठला कुणाचा ते त्याच्याकडून वदवून घेतलं आणि मग विचारलं, “ठेवायचे का रे? डाव्या बाजूला जागा आहे.”